ओवीवरची सायकल

माणसाच्या आवाजावर चालणारी तीनचाकी सायकल घाटात मंदावली. सुगंधाच्या जात्यावरच्या साऱ्या ओव्या गाऊन संपल्या होत्या. मागे तापलेलं तान्हं कुशीत घेऊन बसलेल्या नणंदेचा घसाही रामरक्षा म्हणून म्हणून बसला होता. दवाखाना अजून कोसभर वर होता.

"वन्सं, भांडा ना माझ्याशी. एरवी थकत नाही तुम्ही."

"तुझी आमटी म्हणजे नुसतं पाणी," नणंद घोगऱ्या आवाजात म्हणाली. चाक थोडं फिरलं. मग ती कुजबुजली, "सुगंधा, बाळ हलत नाही गं."

सुगंधाने तोंड उघडलं, पण भीतीने शब्दच फुटेना. सायकल थांबली. वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

आणि चाक बोटभर पुढे सरकलं. सुगंधाने मागे पाहिलं. नणंदेचे ओठ मिटलेले होते. बाळ कण्हलं होतं, इतकं बारीक, की ते आधी सायकलीलाच ऐकू आलं.