सेकंदाला पाच

दहाव्याचे पिंड मांडून तास उलटला, तरी कठड्यावरचा कावळा उतरेना. घाटावर कुणी कुणाकडे पाहत नव्हते. ओल्या पंचातला मुलगा तेवढा गळ्यातल्या नव्या कॅमेऱ्यातून कावळ्याकडे पाहत होता.

"जेमतेम साडेचारशे ग्रॅम, काका. मिणमिणत्या उजेडातही स्वच्छ टिपतो. गळ्यात आहे हे कळतसुद्धा नाही."

"कावळ्याला कळतंय. ठेव खाली!" काका खेकसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, दादाचं काही राहिलं होतं का?"

आईने तसबिरीकडे पाहिले. आधार कार्डावरचा चेहरा मोठा करताना धुक्यासारखा विरला होता.

"रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून गॅलरीत बसायचे. याला म्हणायचे, नव्या कॅमेऱ्यात माझा एक फोटो काढ."

"काढणारच होतो गं. संध्याकाळचा उजेड पुरत नव्हता."

तेवढ्यात कावळा उतरला, पिंडाला चोच लावून उडाला. साऱ्या घाटाने सुस्कारा सोडला.

"सेकंदाला पाच फोटो, आई! पाचही स्वच्छ! त्याच्या डोळ्यातली चमक बघ!"

आईने पदराने तसबीर पुसली, छातीशी धरली आणि ती पायऱ्या चढू लागली.