कौस्तुभचा आवाज

भिंतीतलं श्रुतियंत्र टुण् वाजलं आणि दुपारची शांतता मोडली. "माहिती आयोगाचा निर्णय. दिवंगत पतीचा आवाज ऐकू देण्याबाबतची आपली तक्रार फेटाळली आहे. ज्याचा आवाज, त्याच्या संमतीशिवाय तो घरच्यांना मिळणार नाही. आवाज सरकारकडे सुरक्षित आहे."

मृण्मयी रेवाच्या वेणीचा पेड हातात धरून तशीच बसली. पोरीला बाबांचा आवाज आताशा आठवेनासा झाला होता.

आणि हा नियम झाला होता मृण्मयी-कौस्तुभच्याच तक्रारीवर. यंत्रं घरोघरी सक्तीने बसली, तेव्हा सासूबाई त्यांनी टिपलेली दोघांची रात्रीची भांडणं सकाळी चहाबरोबर ऐकायच्या. आयोगाने नियम केला, तेव्हा दोघांनी पेढे वाटले होते.

"एखादं भांडण तरी ऐकू द्या म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "आता मी तुला टोमणा नाही मारणार."

"ते त्याची संमती मागतायत, आई. कुठून आणू?"

यंत्राचा हिरवा दिवा त्यांचं हे बोलणंही टिपत होता. बंद करायचं बटण त्याला नव्हतंच.

रेवाने मान वळवली. "मग आई, बाबांचं बोलणं आता तिकडे कोण ऐकतं?"