दार उघडू शकणारी शेळी

"आणि सुकन्या, तू डावा," महादेवी मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडं गेल्यासुद्धा.

सुकन्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नववी अ मध्ये डाव्या हाताचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. पाहुणे वर्गात आले की प्रत्येक प्रश्नाला झाडून सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येणाऱ्यांनी उजवा, न येणाऱ्यांनी डावा. पाहुण्यांना वाटतं, वर्ग काय हुशार आहे! मॅडम मात्र फक्त उजव्यांनाच उठवतात.

आणि आजचा धडा कुठला, तर हू, विच, दॅट लावून जोडलेली इंग्रजी वाक्यं. त्यांच्या पोटात पुन्हा कॅन, मे, माइट, शुड. अख्ख्या वर्गात हे कुणाला येत असेल तर ते सुकन्याला! रोज मधल्या सुट्टीत, शेंगाचटणीचा डबा बाजूला सारून, मॅडमनीच तिला शिकवलं होतं. सांगोल्याकडच्या वस्तीवरून ती जुळे सोलापुरात मामाकडं शिकायला आली, तेव्हा तिच्या 'हाय-न्हाय'ला वर्ग फिदीफिदी हसायचा. आता ती इंग्रजी बोलायला लागली की तोच वर्ग चिडीचूप.

ती विचारायची पण लई. "मॅडम, गावाकडं आमची एक शेळी हाय... आहे. तिला दाराची कडी काढता येते. मग ती दॅट कॅन. पण आजी काढू देत नाही. मग दॅट मे म्हणायचं नाही का? आणि आज काढेल की नाही कुणास ठाऊक, तेव्हा काय?"

"किती गं विचारतेस! विचार, विचार. उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी मॅडम असं काही सांगायच्या की बास. "नुसतं 'द गोट दॅट ओपन्स द डोअर' म्हटलं, तर ती बातमी झाली. कॅन घातलं की शेळीची अक्कल दिसते. माइट घातलं की तुझ्या आजीचा घोर."

आजचे पाहुणे म्हणजे संस्थेचे सचिव. ज्या मुलीचं उत्तर त्यांना आवडेल, ती अकलूजच्या इंग्रजी शिबिराला जाणार होती. सुकन्यानं आजीला फोनवर सांगूनही टाकलं होतं, "मीच जाणार बघ." मॅडमच्या नोकरीत कायम होण्याचाही निर्णय आजच्या तासावर अवलंबून होता. ते तर शाळेच्या शिपायालासुद्धा माहीत होतं.

"मॅडम, डावा?" तिनं पुन्हा विचारलं.

"ऐक माझं," मॅडम तिच्याकडं न बघता म्हणाल्या.

सचिव आले. मागं खुर्ची टाकून बसले. मॅडमनी छान समजावलं, फळ्यावर दोन वाक्यं जोडून दाखवली आणि म्हणाल्या, "आता दॅट आणि कॅन घालून कोण वाक्य सांगेल?"

हातच हात वर. सुकन्याचा डावा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि खाली आला. मग तिनं उजवा वर केला. ताठ. बोटांच्या टोकापर्यंत ताठ.

मॅडमनी पाहिलं. नक्की पाहिलं. आणि त्यांची नजर तिच्यावरून सरकून शेजारी गेली. "सृष्टी, तू सांग."

सृष्टी उठली. तिला मागच्या चाचणीत हू आणि विचमधला फरकसुद्धा आला नव्हता. पण ती खडाखडा बोलली, "वुई हॅव अ गोट दॅट कॅन ओपन द डोअर!"

ती शेळी सुकन्याची होती. या शाळेत त्या शेळीबद्दल तिनं फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

"वा!" सचिव खूश झाले. "तुमच्या घरी शेळी आहे?"

"येस सर," सृष्टी म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये! मागून कुणीतरी खुसकन हसलं. सचिवांनी शिबिरासाठी सृष्टीचं नाव तिथंच जाहीर केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुकन्याचा उजवा हात अजून वरच होता. तो खाली घे, असंही तिला कुणी म्हणालं नाही.

"माझ्यावर चिडू नको हं," सृष्टी बाकावर बसता बसता कुजबुजली. "काल मॅडमनीच पाठ करून घेतलं. मला काय माहीत शेळी कुणाची?"

शाळा सुटल्यावर सुकन्या थेट शिक्षकांच्या खोलीपाशी गेली. मॅडम दारात एकट्याच उभ्या होत्या. पोरीनं वाटभर इंग्रजीत भांडण जुळवत आणलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"मॅडम, माझं इंग्रजी वाईट हाय का?"

मॅडमनी तिचं 'हाय' सुधारलं नाही. "नाही गं."

"मग माझी शेळी तिला का दिली?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "सृष्टी उत्तर देते आणि खाली बसते. तू बसत नाहीस. तू पुढचं विचारतेस."

"तुम्हीच म्हणायचात की, विचार म्हणून!"

"म्हणायचे की. तू दुपारी विचारायचीस. मला येत नसायचं. मी रात्री पुस्तकं उलथीपालथी करून शिकायचे आणि दुसऱ्या दिवशी तुला सांगायचे." मॅडमनी आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "आज सचिवांसमोर मी रात्र कुठून आणली असती, सुकन्या?"