बोटीचं गिऱ्हाईक

"बोट?" प्रेमलाताईंनी फोन कानापासून दूर धरून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, अनिरुद्धराव बोट पोचवायला निघालेत म्हणे. बायकोचे दिवस भरत आलेत आणि हे बोट ओढत फिरणार!"

भीमराव पंख्याखाली गवार मोडत बसले होते. "स्पीकरवर टाक," ते म्हणाले.

दीक्षा आणि अनिरुद्ध खराडीच्या एकाच कंपनीत भेटले, तिथेच जमलं. लग्नानंतर नोकऱ्यांनी दोघांना नदीच्या दोन काठांवर नेऊन टाकलं. तो अमेरिकेत डेट्रॉइटला, लेक कॅनडात विंडसरला. मध्ये एक पूल. दर शनिवारी जावई पूल ओलांडून बायकोकडे जायचा. मार्चमध्ये साथ आली आणि पूल माणसांना बंद झाला. मे उजाडला तरी उघडला नव्हता. इकडे हडपसरहून कुणी जावं, तर विमानं बंद. दीक्षाचं बीपी वाढलेलं, सोबत कुणीतरी हवंच असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि ती घरात एकटी.

एका मित्राच्या कंपनीचं तातडीचं काम आहे असं सांगून पलीकडे जावं, असा बेत अनिरुद्धने केला होता. तो भीमरावांनी हाणून पाडला. त्यांची सगळी नोकरी कस्टममध्ये गेलेली. "खोटं बोलून माझ्या मुलीकडे जायचं नाही," ते म्हणाले होते. "पकडले गेलात तर पुन्हा कधी आत घेणार नाहीत."

प्रेमलाताईंचा तेव्हा तोल गेला होता. "पेन्शनच्या कामाला भर उन्हात बँकेच्या रांगेत उभे राहता, आणि मुलीसाठी एक थाप मारवत नाही तुम्हाला? तत्त्वं काय चाटायची आहेत?"

त्यानंतर प्रेमलाताईंनी त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

"बाबा, डील झाली," स्पीकरवरून अनिरुद्धचा आवाज आला. "छोटी फिशिंग बोट आहे, सेकंडहँड. ट्रेलर माझ्या गाडीला लावून विंडसरच्या धक्क्यावर डिलिव्हर करायची. उद्या सकाळी निघतो."

"विकणाऱ्याला पैसे मिळाले?"

"हो, काल क्रेडिट झाले."

"पावती खरी?"

"एकदम खरी."

"मग घाबरता कशाला? सीमेवर माणूस अडतो, माल अडत नाही. तुम्ही मालासोबत आहात."

"आणि ऑफिसरने विचारलं, पलीकडे तुझं कोण आहे, तर?"

"बायको आहे म्हणून सांगायचं. गरोदर आहे, तेही सांगायचं."

"बाबा, मग सोडतील?"

"नाही सोडलं तर परत फिरायचं."

प्रेमलाताईंनी कपाळावर हात मारला. फोन बंद झाल्यावर त्या बराच वेळ भांडी आपटत होत्या. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पण मी म्हणते, एवढ्या महामारीत बोट घेणारा हा येडा आहे कोण?"

"असेल कुणी रिटायर माणूस."

"पोहता तरी येतं का त्याला?"

"पोहता येत असतं तर बोट कशाला घेतली असती?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाला, दिवे लागले, तरी फोन नाही. प्रेमलाताई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसल्या. भीमराव गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. आपण उगाच ताठपणा केला का, असं आता त्यांनाही वाटायला लागलं होतं. पोरगी तिकडे एकटी.

फोन वाजला. पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं, मग अनिरुद्ध, आणि त्याच्या खांद्याला टेकलेली दीक्षा. ती हसत होती आणि रडतही होती.

"सगळं खरं सांगितलं, बाबा," अनिरुद्ध म्हणाला. "ऑफिसरने पेपर्स बघितले, बोट बघितली, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आधी डिलिव्हरी कर, मग घरी जा."

प्रेमलाताईंना हुंदका आवरेना. भीमराव चष्मा पुसायला म्हणून आत गेले, ते बऱ्याच वेळाने बाहेर आले.

त्याच आठवड्यात दीक्षाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पेढ्यांची दुकानं बंद, म्हणून प्रेमलाताईंनी घरीच शिरा केला. मन इतकं हलकं झालं होतं, की नवऱ्यावरचा रागही कुठल्या कुठे गेला. वाटीत शिरा काढताना त्या थांबल्या.

"खरं सांगू? आज त्या बोटवाल्याचे पाय धरावेसे वाटतात. मी त्याला येडा म्हटलं, पण त्याने घेतली नसती तर पोरीजवळ कोण असतं? पहिली वाटी त्याची."

भीमरावांनी हात पुढे केला.

"दे. आणि ओळखीत कुणाला बोट हवी असेल तर बघ."