काजळवालीची पोरगी

"यंदा कोणाचा बडग्या, ताई?" गोलूनं विचारलं.

"चेटकिणीचा," कामिनी म्हणाली आणि बांबूच्या सांगाड्याला तणस बांधत राहिली.

पोट्टे खूश झाले. नंदनवनच्या मागच्या या गल्लीतून दरवर्षी मारबतीच्या मिरवणुकीत एक बडग्या निघे. कधी डेंग्यूचा डास, कधी चौकातला खड्डा. गल्लीला ज्याचा राग, त्याचा पुतळा. वाजतगाजत न्यायचा, पोटभर शिव्या घालायच्या आणि शेवटी पेटवून द्यायचा. तोंड रंगवायचं काम कामिनीचं, कारण दुकानांच्या पाट्या रंगवून तिचा हात बसला होता. पण कोणती चेटकीण, हे तिनं पोट्ट्यांना सांगितलं नव्हतं. उद्या पुतळ्याच्या अंगावर समोरच्या सिंधूताईचं हिरवं लुगडं चढलं की कोणाला काही सांगायची गरजच पडणार नव्हती. म्हातारीचं ते लुगडं सारी गल्ली ओळखायची.

कामिनी दुसरीत होती तेव्हा सिंधूताईचं तान्हं पोर तापानं गेलं. आदल्या दिवशी कामिनीच्या आईनं, वच्छलानं, त्याला मांडीवर घेऊन गालाला काजळाची तीट लावली होती. दृष्ट लागू नये म्हणून लावली होती हो! पण सिंधूताई छाती बडवत गल्लीभर सांगत सुटली, "या काजळानंच खाल्लं माझं लेकरू." त्या वर्षीचा बडग्या वच्छलाच्या दोरीवरून पळवलेल्या निळ्या लुगड्यात निघाला. त्याच्या डोळ्यांत सिंधूताईनं स्वतः काजळ भरलं. छोटी कामिनीही त्या गर्दीत नाचत होती, सगळ्यांबरोबर घसा फोडून ओरडत होती. मग तिला पुतळ्याच्या पदरावरचं ठिगळ दिसलं. आईनं लावलेलं.

वच्छला त्यानंतर उंबऱ्याबाहेर फारशी आलीच नाही. खंगत खंगत गेली बिचारी. पण गल्लीनं तिला मरू कुठं दिलं? तिची गोष्ट केली. काजळवाली चेटकीण येते, गालाला बोट लावते, सकाळी लेकरू थंडगार. जेवत नाही? बोलावू काजळवालीले? झोपत नाही? आली पाह्य! ज्या लेकरांनी वच्छलाला कधी पाहिलंही नव्हतं, ती तिच्या नावानं चड्डी ओली करायची. दारादारांतून हे ऐकत कामिनी मोठी झाली, दातओठ खात मोठी झाली. "थांब, सिंधे," ती मनाशी म्हणायची, "एक दिवस तुलेही चेटकीण करीन."

तो दिवस आला होता. मेलं लुगडंच तेवढं दोरीवर वाळत पडत नव्हतं. कामिनी सकाळपासून नजर ठेवून होती.

तेवढ्यात सिंधूताईची नात दिपाली उड्या मारत आली. हातांवर घडी केलेलं हिरवं लुगडं, त्यावर काजळाची डबी.

"आजीनं दिलं."

"काहून?"

"म्हणे, कामिनी दोरीकडं पाहून राहिली सकाळपासून, तिले लागत असन. अन् काजळ डोळे भराले."

कामिनीनं समोर पाहिलं. सिंधूताई आपल्या ओट्यावर बसली होती आणि नजर चुकवत नव्हती. आजूबाजूच्या बायाही हातातलं काम टाकून बघत होत्या. संतापानं कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं जपलेला राग, आणि ही बया त्याला आपणहून लुगडं पाठवते! तिला ते ओरबाडून आणायचं होतं. बरं, दिलंस ना? मग आता भोग. तिनं लुगडं पुतळ्याच्या खांद्यावर टाकलं, डबी उघडली आणि काजळात बोट बुडवलं.

दिपाली झटकन मागं सरकली. तिनं दोन्ही गाल हातांनी झाकून घेतले.

"मले नको लावू! काजळवाली नेते."

"कोणी सांगितलं? आजीनं?"

"नाही. सगळे सांगतात. गोष्ट सुरू झाली की आजी तर उठून जाते."

कामिनीला राहवलं नाही. "त्या काजळवालीले एक पोरगी होती. हे नाही सांगितलं तुले कोणी?"

दिपालीचे डोळे मोठे झाले. "मग तिची पोरगीबी चेटकीणच राहते का वं, मावशी?"

कामिनीचं बोट हवेतच राहिलं. पुतळ्याला अजून डोळे नव्हते. ते भरून उद्या मिरवणूक निघाली की परवापासून हिरव्या लुगड्याची चेटकीण सुरू, आणि ही पोट्टी चेटकिणीची नात. उद्या गर्दीत हीसुद्धा नाचणार. नाचता नाचता हिलाही लुगडं ओळखू येणार. कामिनीला पुढचं सगळं ठाऊक होतं.

राग गेला नव्हता. असा कुठला जातोय! तरी तिनं दुसऱ्या हातानं लुगडं पुतळ्यावरून ओढून काढलं आणि ती जमिनीवर बसली.

"इकडं ये."

तिनं दिपालीचे हात गालांवरून हळूच बाजूला केले. आणि साऱ्या गल्लीदेखत, आई लावायची तशी, पोरीच्या गालाला काजळाची तीट लावली.

"अगं बाई!" कोणीतरी ओरडलं. शेजारची एक बाई दिपालीला ओढून घ्यायला धावली. पण तिच्या आधी सिंधूताई खांबाला धरून उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला.

"मोठी लाव वं, वच्छलाच्या पोरी. साऱ्या गल्लीले दिसू दे."