नमुन्याबरहुकूम

वरवट बकालच्या शकूर मिस्तरीनं पेरणीच्या तिफणीवरून बी सोडायला असं चाडं घडवलं, की पेरणाऱ्याची मूठ कशीही सुटो, सरकी पडायची ती एकेकच. खामगावचा एक कारखानदार ते दोनदा डोळे फाडून पाहून गेला, तसा शकूर धास्तावला आणि चाडं पोत्यात घालून वामनराव वकिलांकडे आला.

वामनरावांनी बापजन्मी पेटंटचा अर्ज केला नव्हता. पण त्यांच्यापाशी नमुना-अर्जांचं जाडजूड विलायती पुस्तक होतं, आणि नमुन्याबाहेर एक टिंबही टाकायचं नाही हा त्यांचा बाणा होता. त्यांनी नाव-गाव शकूरचं घातलं आणि बाकी अख्खं पान, चित्रासकट, उतरवून काढलं.

"वकीलसाहेब, हे त छत्रीचं चित्र दिसून राह्यलं. माह्यं चाडं कुठी हाय?"

"अरे, सरकारला नमुना समजतो, तुझं चाडं नाही. अंगठा उठव."

सहा महिन्यांनी कलकत्त्याहून उत्तर आलं. वामनरावांनी शकूरला बोलावून ते वाचून दाखवलं: अर्ज नामंजूर. हा शोध नवा नाही. नमुना-अर्जांच्या पुस्तकात पान एकशे बारावर तो आधीच छापलेला आहे.

वामनरावांनी घाईघाईनं पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "पाहिलंस? पानाच्या आकड्यासकट जुळलं! माझ्या नकलेत एका अक्षराची चूक नाही, खुद्द कलकत्त्यानं कबूल केलं!"

"हाव साहेब," शकूर खांद्यावरचं रिकामं पोतं झटकत म्हणाला, "त्या खामगाववाल्यानंबी माह्यं चाडं असंच उतरवलं. एका खिळ्याची चूक नाही."