हिरवी पाटी

मापाडी तिसऱ्यांदा खाली बसला. या खेपेला त्याने बुटाची नाडी सुटल्याचं सोंगही केलं नाही. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. वर मुरमाचा चढ तसाच उभा होता. सकाळपासून आपण एक पाऊलही चाललो नाही की काय, असं त्याला वाटलं.

लांब पल्ल्याच्या पायवाटेचा एकेक टप्पा किती अवघड ते ठरवायचं, ही त्याची नोकरी. सोप्याला हिरवी पाटी, मध्यमला पिवळी, अवघडला लाल. म्हणून सगळं खातं त्याला मापाडी म्हणायचं. त्याची पाटी चुकली, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता निवृत्तीच्या तोंडावर नेमक्या याच टप्प्याच्या तक्रारी आल्या होत्या. दोन्ही टोकांना पाटी हिरवी, पण खालून चढणारी माणसं अर्ध्यातून माघारी फिरत होती. साहेबांनी सांगितलं, एकदा खालून चालून बघा.

टप्पा परका नव्हता. वर खिंडीत मापाड्याचं घर होतं आणि खाली पायथ्याच्या गावात त्याच्या लेकीचं.

आईवेगळी पोर. वेणीफणीपासून सगळं त्यानेच केलेलं. तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा त्याने तिला दारातच सुनावलं होतं, "आता लांबून वळसा घालून, गाडीत बसून पाहुण्यासारखी येऊ नकोस. यावंसं वाटलंच, तर आपल्या पायांनी वर ये. वाट सोपी आहे. मीच ठरवलीय."

ती आली नाही. शेजारपाजारचे विचारायचे, लेक कशी आहे? त्याचं उत्तर ठरलेलं, "यायचं असतं तर आली असती." हे वाक्य त्याने इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यातलं दुखणंच त्याला जाणवेनासं झालं होतं. आज सकाळी खात्याची जीप तिच्या घरावरून गेली, तेव्हासुद्धा तो मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.

तो उठला. पाय टाकला की मुरूम खाली सरकायचा आणि अर्धं पाऊल मागे घेऊन जायचा. आधी त्याने वयाला दोष दिला, मग बुटांना. चढाच्या मध्यावर पत्र्याचं छप्पर होतं आणि तिथे एक बाई वाटसरूंना पाणी द्यायची. तिने न विचारताच पेला पुढे केला.

"बसा काका. घाई कसली?"

"वय झालं आता," तो म्हणाला.

"वयाचं काय घेऊन बसलात! चांगले दांडगे गडी इथं माना टाकतात. ज्या शहाण्यानं ही वाट सोपी ठरवली ना, तो एकदा भेटायला हवा मला."

वाट ठरवली तो दिवस मापाड्याला लख्ख आठवत होता. तो घरून निघाला होता. टाच रोवली की मुरूमच माणसाला अलगद खाली नेत होता. शीळ घालत तो पायथ्याशी पोचला. तिथे जीप उभी होती, तिच्यात बसून ऑफिसात गेला. पुढेही कामासाठी तो नेहमी वरून खालीच उतरला; परतताना जीप वळसा घालून त्याला घरी सोडायची. ही वाट तो कधी चढलाच नव्हता.

बाईला बोलायला माणूस मिळालं होतं. "दरवर्षी एक जण येते बघा. दम्याची आहे बिचारी. आधी पोर कडेवर असायचं, आता बोट धरून चालतं. इथवर येते, वर खिंडीकडं बघत बसते आणि डोळे पुसून उतरते. तिचं माहेर आहे म्हणे वर. मी म्हटलं, अगं, वाटच वाईट आहे, तुझा काय दोष? तर ऐकत नाही. म्हणते, बाबांची पाटी कधी चुकत नाही, मावशी. मीच कमी पडते."

पेला हातात तसाच राहिला. तिची धाप त्याला ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? ती लहान असताना पाठ चोळत तो रात्र रात्र जागला होता. पण सोप्या वाटेला कसली आलीय धाप, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. बजावणं सोयीचं होतं. आता त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

बाई गोंधळली. त्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पाट्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "खात्याचे का तुम्ही? मग लावा की लाल पाटी."

"खाली लावतो. खालून अवघडच आहे ही."

"आणि वरची?"

"वरची हिरवीच राहू दे."

"असं कसं? वाट तर एकच ना?"

मापाड्याने पेला खाली ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि खिंडीकडे पाठ केली. टाच रोवली. मुरूम त्याला अलगद गावाकडे नेऊ लागला.

"एकच आहे, बाई," मागे न बघता तो म्हणाला. "पण सोपी होती ती माझ्या बाजूनं."